पूर्वेच्या खोलीतले रुग्ण

मे महिन्यात मुंबईची मंडळी कोकणातल्या घरी जातात आणि दोन-तीन दिवसांत एक गंमत होते. एरवी रात्री साडेबारापर्यंत कूस बदलत पडणारी माणसं जेवण झाल्यावर ओटीवर बसल्या बसल्या पेंगायला लागतात. सकाळी सहाला कुणी हाक न मारता उठतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "हवा बदलली ना!" हवेचा वाटा असेलही, आंब्या-फणसाचाही असेल. पण हीच माणसं जूनमध्ये सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये परतली की आठवड्याच्या आत पुन्हा साडेबारा वाजायला लागतात. माणूस तोच, गादी बहुधा गावच्यापेक्षा मऊ, वर एसी. मग झोपेचं बिनसतं कुठे?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे केनेथ राइट यांनी हाच प्रश्न प्रयोग करून तपासला. आठ जणांची झोप आणि त्यांच्या वाट्याला येणारा उजेड त्यांनी आधी रोजच्या शहरी दिनक्रमात मोजला. मग त्यांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं. मोबाइल नाही, टॉर्चही नाही. सूर्य आणि रात्रीची शेकोटी एवढाच प्रकाश. या आठवड्यात त्यांना एरवीच्या सुमारे चौपट उजेड मिळाला. रात्र झाल्याची खबर शरीरभर पोहोचवणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक त्यांच्या रक्तात जवळजवळ दोन तास आधी वाढू लागलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगरातली हवा काय करते हे त्यातून कळलं नाही, पण भिंती आणि छप्पर काय करतात ते चांगलंच कळलं.

गुहेतले दोन महिने

शरीरात घड्याळ आहे, ही शंका प्रथम आली ती एका झाडावरून. १७२९ मध्ये झाँ-झाक द'ऑर्तू द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक रोप अंधारात ठेवलं. दिवसा पानं उघडायची आणि रात्री मिटायची हा त्याचा क्रम सूर्य न दिसताही चालूच राहिला.

माणसाच्या बाबतीत असाच प्रयोग मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूवैज्ञानिकाने स्वतःवर केला. १६ जुलै १९६२ रोजी घड्याळ बाहेर ठेवून तो आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत उतरला. वाटेल तेव्हा झोपायचं, वाटेल तेव्हा उठायचं आणि त्याची खबर तेवढी वरच्या सोबत्यांना फोनवरून द्यायची. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची २० तारीख होती. दिवस मोजण्यात तो असा पंचवीस दिवसांनी चुकला, पण त्याच्या शरीराची फारशी चूक झाली नव्हती. झोप आणि जाग यांचं त्याचं एक आवर्तन सरासरी साडेचोवीस तासांचं निघालं.

पुढे हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी प्रयोगशाळेत अतिशय मंद प्रकाशात माणसं ठेवून हे मोजमाप अधिक काटेकोर केलं. १९९९ मध्ये त्यांनी दिलेला आकडा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा होता.

ही वरची अकरा मिनिटं महत्त्वाची आहेत. पूर्वी घरोघरी भिंतीवर चावीचं घड्याळ असे. ते रोज थोडं मागे पडायचं आणि सकाळी रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके ऐकून कुणीतरी त्याचा काटा पुढे सरकवायचं. शरीराचंही तसंच आहे. घड्याळ आत आहे, ते स्वतः चालतं, पण रोज मागे पडतं. सकाळचा उजेड हा त्याचा वेळेचा ठोका. तो चुकला की काटा मागे राहतो. रात्री दहाला डोळ्यांवर भरपूर प्रकाश पडला, तर शरीर त्यालाही ठोकाच समजतं आणि काटा आणखी मागे नेतं. एकच उजेड पहाटेनंतर घड्याळ पुढे आणतो, तर रात्री उशिरा ते मागे ढकलतो.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या नेमकं वर आहे. सुमारे वीस हजार चेतापेशींचा तो पुंजका. प्रत्येक पेशीत काही जनुकं एक प्रथिन तयार करतात. प्रथिन साठत गेलं की ते आपल्याच जनुकाचं काम थांबवतं. मग हळूहळू ते विरघळतं आणि जनुक पुन्हा कामाला लागतं. या फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. फळमाशीत ही यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. यकृत, मूत्रपिंड, आतडी यांच्या पेशींतही अशीच घड्याळं असतात, पण बाहेरच्या उजेडाची वर्दी थेट पोहोचते ती डोळ्यांमागच्या या पुंजक्याकडेच.

न पाहणाऱ्या पेशी

ही वर्दी डोळ्यातून नेमकी कोण देतं, हे विसावं शतक संपत आलं तरी नीट ठाऊक नव्हतं. डोळ्यातल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी आहेत, असं दीडशे वर्षं शिकवलं जात होतं. रंग पाहणारे शंकू आणि अंधुक उजेडात काम करणारे दंड. पण काही अंध व्यक्तींना काहीच दिसत नसतानाही डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला की त्यांच्या रक्तातलं मेलॅटोनिन कमी होत होतं. झाइस्लर यांच्या गटाने १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे ते डोळे पाहत नव्हते, पण उजेडाची नोंद घेत होते.

१९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेत प्रकाशाला प्रतिसाद देणारं एक प्रथिन सापडलं. त्याचं नाव मेलॅनॉप्सिन. हेच प्रथिन दृष्टिपटलाच्या मोजक्या चेतापेशींत आहे आणि त्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखून मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं.

या तिसऱ्या प्रकारच्या पेशींच्या तऱ्हा घर बांधणाऱ्याने माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. त्यांना सर्वांत जास्त जाणवतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश, म्हणजे साधारण निरभ्र आकाशाचा रंग. क्षणभराच्या लखलखाटाने त्या फारशा हलत नाहीत. बराच वेळ पडत राहणाऱ्या उजेडाची त्या बेरीज करतात. आणि दृष्टिपटलाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडणारा उजेड घड्याळावर अधिक परिणाम करतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. डोळ्याच्या भिंगातून चित्र उलटं पडत असल्याने या खालच्या अर्ध्या भागावर उमटतं ते वरचं दृश्य, म्हणजे आकाश.

अडचण अशी की, उजेड कमी आहे हे माणसाला कळतच नाही. बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेतं आणि तीनशे लक्सची खोली अन् दहा हजार लक्सचं अंगण दोन्ही "व्यवस्थित उजेड आहे" असंच वाटतं. वाचायला तीनशे पुरतात. घड्याळाला पुरत नाहीत.

चौकट : उजेडाचा हिशेब

लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप.
• एक मीटरवरची मेणबत्ती : १ लक्स
• पौर्णिमेचं चांदणं : पाव लक्सच्या आसपास
• रात्री दिवे लावलेला दिवाणखाना : १०० ते २०० लक्स
• कार्यालयातलं टेबल : ३०० ते ५०० लक्स
• ढगाळ दिवशी उघड्यावर : काही हजार लक्स
• भर दुपारचं ऊन : सुमारे १ लाख लक्स

जैविक घड्याळाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये दिलेली शिफारस : दिवसा डोळ्यापाशी किमान २५०, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत जास्तीत जास्त १. हे लक्स मेलॅनॉप्सिनच्या मापाने मोजलेले आहेत. सूर्यप्रकाश या मापाने जवळजवळ पूर्ण भरतो. पांढरा एलईडी दिवा साधारण साठ टक्के, पिवळसर दिवा निम्म्याहून कमी.

या आकड्यांवर एक साधं गणित करून पाहता येतं. टेबलावर ४०० लक्स उजेड असेल, तर समोर पाहणाऱ्या डोळ्यापर्यंत त्याचा निम्मा पोहोचतो असं धरू. म्हणजे २००. दिवे पांढरे एलईडी असतील तर घड्याळाच्या मापाने उरतात १२०. लख्ख दिसणारं कार्यालय घड्याळासाठी दिवसभर संध्याकाळच असतं! खिडकीशेजारी बसणाऱ्याला मात्र हजार लक्स सहज मिळतात. इलिनॉय विद्यापीठातले वास्तुकलेचे प्राध्यापक मोहम्मद बुबेक्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४९ कार्यालयीन कर्मचाऱ्यांची तुलना केली. खिडकीजवळ काम करणारे बिनखिडकीच्या जागी बसणाऱ्यांपेक्षा रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. नमुना लहान होता हे खरं, पण दिशा रॉकी पर्वतातल्या तंबूसारखीच होती.

मिलानचा अनाहूत प्रयोग

इटलीत मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात मनोविकार विभागाच्या काही खोल्यांना पूर्वेकडे खिडक्या होत्या, काहींना पश्चिमेकडे. कोणत्या रुग्णाला कोणती खोली मिळणार, हे त्या दिवशी कुठली खाट रिकामी आहे यावर ठरायचं. प्रयोग करण्याचा कुणाचाही हेतू नव्हता. फ्रान्चेस्को बेनेदेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नैराश्याच्या सुमारे सहाशे रुग्णांच्या नोंदी काढून पाहिल्या. द्विध्रुवी विकाराचे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारे रुग्ण पूर्वेच्या खोलीत असतील, तर पश्चिमेच्या खोलीतल्यांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस आधी घरी गेले होते. डॉक्टर, औषधं, जेवण, परिचारिका सगळं तेच. फरक एवढाच की पूर्वेच्या खोलीत ऊन सकाळी यायचं आणि पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे वास्तुशास्त्राचे चाहते खूश होतील, म्हणून दोन गोष्टी लगेच सांगायला हव्यात. नुसत्या नैराश्याच्या रुग्णांत, म्हणजे ज्यांना उन्मादाचे झटके येत नाहीत अशांत, हा फरक दिसला नाही. आणि जो दिसला तो दिशेच्या पावित्र्याने नव्हे, तर सकाळच्या उन्हाने. पूर्वेला दहा फुटांवर शेजारची इमारत उभी असेल, तर पूर्वेचा दरवाजा घड्याळाला काहीही देत नाही. स्वयंपाकघराचा ओटा किंवा तिजोरी हलवून तर मुळीच नाही.

दुसरं उदाहरण नेदरलँड्समधल्या वृद्धाश्रमांचं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश आतपर्यंत कमी पोहोचतो, त्यामुळे वृद्धांना जास्त उजेड लागतो. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला येतो सर्वांत कमी. डच संशोधकांनी १२ वृद्धाश्रमांतल्या १८९ रहिवाशांवर प्रयोग केला. काही आश्रमांच्या बैठकीच्या खोल्यांत दिवसभर डोळ्यापाशी सुमारे हजार लक्स उजेड राहील असे दिवे बसवले. काही रहिवाशांचा पाठपुरावा साडेतीन वर्षांपर्यंत चालला. उजळ खोल्यांतल्या वृद्धांमध्ये नैराश्याची लक्षणं १९ टक्क्यांनी कमी आढळली, आणि स्मृती व आकलनाची घसरणही थोडी मंदावली. २००८ मधल्या या अभ्यासात दिवे कृत्रिम होते. नैसर्गिक उजेडाला पर्याय नाही असं नाही, पण तो दिवसभर छतातून वीज ओढत राहणारा पर्याय आहे.

खिडकी रुंद नको, उंच हवी

तर मग घर कसं बांधावं? वास्तुविशारदांचा एक जुना ठोकताळा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाचा उजेड आत पोहोचतो. कड सात फुटांवर असेल तर चौदा ते साडेसतरा फूट. म्हणूनच खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करणं फायद्याचं. उंच खिडकीतून समोरच्या इमारतीऐवजी तिच्यावरचं आकाश दिसतं, आणि घड्याळाला हवं असतं ते आकाशच. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश असावं आणि खोलीचा कुठलाही भाग खिडकीपासून साडेसात मीटरपेक्षा दूर नसावा, अशी अट होती. खिडकीतून काय दिसावं याबद्दल ती अट काहीच बोलत नव्हती.

महाराष्ट्रात आणि गोव्यात उजेड आत घ्यायच्या तऱ्हा पूर्वीपासून आहेत. कोकणात कौलारू छपरात मध्येच एखादं काचेचं कौल बसवतात. एवढ्याशा चौकोनातून माजघरात उन्हाचा पट्टा दिवसभर सरकत असतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे लावलेले असत. ऊन गाळून, मऊ होऊन आत यायचं. गिरणगावातल्या विणकाम खात्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी होती. त्या दात्यांची उभी बाजू उत्तरेकडे काचेची, म्हणजे थेट ऊन न येता आकाशाचा एकसारखा उजेड मागांवर पडे. गिरण्या पाडल्या तेव्हा ही छपरंही गेली. त्या जागी आलेल्या काचेच्या मनोऱ्यांत आज भर दुपारी दिवे लावून काम चालतं.

जुन्या वाड्याचं गुणगान गाताना मात्र जरा हात आखडता घ्यावा. मधल्या चौकात आणि ओसरीवर आकाश होतं, पण माजघर अंधारं, स्वयंपाकघर धुराने काळवंडलेलं आणि बाळंतिणीची खोली तर मुद्दामच बंद. उजेडात कोण बसणार आणि अंधारात कोण राबणार, हे त्या घराने ठरवून टाकलं होतं.

उजेड हवा म्हणून मोठ्या काचा लावल्या की महाराष्ट्रात दुसरं संकट येतं, उन्हाच्या तापाचं. मुंबई-पुण्यात वर्षातून दोनदा, मे आणि जुलैमध्ये, शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भर माथ्यावर असतो. त्या वेळी साधा छज्जाही दक्षिणेची भिंत वाचवतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं आत घुसतं आणि छज्ज्याला दाद देत नाही. मग लोक रंगीत, परावर्तक काच लावतात आणि वर पडदे ओढतात. ऊन अडतं, त्याच्याबरोबर आकाशही.

या कोंडीतून वाट काढणारा एक नमुना मुंबईतच आहे. पेडर रोडजवळची चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राचा वारा आणि देखावा पूर्व-पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पावसाची झोडही त्याच बाजूंनी. कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती उचलली आणि फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. ऊन गच्चीत थबकतं, घरात येतो तो उजेड. कांचनजंगा श्रीमंतांची आहे हे खरं, पण कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरला बांधलेल्या स्वस्त बैठ्या घरांतही प्रत्येकाला आकाशाखालचं अंगण दिलं होतं. अंगणात दात घासत दहा मिनिटं उभं राहणं हेसुद्धा घड्याळ लावणंच आहे. चाळीच्या गॅलरीत पेपर वाचणाऱ्या काकांनाही तो ठोका रोज फुकट मिळत होता. आता बाल्कनी आत घेऊन खोली चार फुटांनी वाढवली जाते, बाहेर जाळी येते, जाळीत कुंड्या आणि जुने डबे. खोली मोठी होते आणि खिडकीपासून पलंग आणखी चार फूट लांब जातो.

साडेत्रेसष्ट अंश

उजेडासाठी शहराला कायदा लागतो, हे मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. १८९६ मध्ये मांडवी भागातून प्लेग पसरला. दाटीवाटीच्या चाळींतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर बोट ठेवलं गेलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम लावून धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. सोप्या शब्दांत, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मं तरी अंतर मोकळं हवं. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसेल. मेलॅनॉप्सिन सापडायला अजून जवळजवळ नव्वद वर्षं होती. ऑर यांचा सगळा भर रोगराईवर होता, पण त्यांनी कोन मोजला तो आकाशाचाच.

आजच्या पुनर्वसन वसाहतींना हा कोन लावून पाहावा. गोवंडी-मानखुर्द भागातल्या अशा तीन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटर इतकंच होतं. सात मजल्यांची इमारत म्हणजे सुमारे वीस मीटर उंची. तिथे कोन होतो एक्याऐंशी अंशांच्या वर. ऑर यांच्या हिशेबाने मध्ये दहा मीटर हवे होते. त्या अभ्यासाचा विषय क्षयरोग होता आणि खालच्या, उजेड-वारा न पोहोचणाऱ्या मजल्यांवर त्याचं प्रमाण जास्त आढळलं. झोपेचं मोजमाप त्यात नव्हतं. पण ज्या खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागते, तिथे राहणाऱ्या लहान मुलाच्या किंवा घरातच बसून काम करणाऱ्या बाईच्या शरीराला सकाळ झाल्याचं कळणार कुठून?

ग्रीनलंडमधली घडीची खोली

नैसर्गिक उजेड अजिबातच कामाचा नसेल तर? आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक दर दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. हे ठोके ऐकण्यात अर्थ नसतो. २०१६ पासून तिथे जुन्या ट्यूबलाइट काढून तीन छटांचे एलईडी दिवे बसवायला सुरुवात झाली. कामाच्या वेळी पांढरा, घड्याळ सरकवायचं असेल तेव्हा निळसर आणि झोपण्याआधी पिवळसर.

डेन्मार्कच्या सेबास्टियन अरिस्टोटेलिस आणि कार्ल-योहान सोरेन्सेन या तरुण वास्तुविशारदांनी हाच प्रश्न स्वतः राहून सोडवायचं ठरवलं. कागदाच्या घडीकामासारखं उघडमीट करणारं एक छोटं घर त्यांनी बनवलं आणि २०२० मध्ये उत्तर ग्रीनलंडच्या थंडीत सुमारे दोन महिने त्यात मुक्काम केला. चंद्रावरच्या वस्तीची ही रंगीत तालीम होती. घरात त्यांनी प्रकाशाचा एक फलक लावला होता. तो पहाटेपासून रात्रीपर्यंत रंग आणि तेज बदलत राहायचा, आणि आकाश रोज सारखं नसतं म्हणून तोही रोज थोडा वेगळा असायचा. पुढे २०२३ मध्ये त्यांच्या स्टुडिओचा असा दिवा अँड्रियास मॉगेन्सेन या डॅनिश अंतराळवीराबरोबर अंतराळस्थानकात गेला. खिडकीची नक्कल करायला किती खटाटोप लागतो, हे या प्रयोगांतून चांगलं दिसतं.

रात्रीचे दिवे आणि सकाळची शाळा

दिवसा अंधार ही निम्मी तक्रार. उरलेली निम्मी रात्रीच्या उजेडाची. आपल्या घरांत छताजवळ पांढरी ट्यूब असते आणि झोपेपर्यंत ती चालू असते. निळसर प्रकाश, तोही वरून, म्हणजे दृष्टिपटलाच्या नेमक्या त्या खालच्या अर्ध्या भागावर आणि नेमक्या चुकीच्या वेळी. रात्री आठनंतर कमी उंचीवर ठेवलेला एखादा पिवळसर दिवा पुरतो. घराचं वायरिंग करून घेताना दिवाणखान्यात आणि शयनगृहात दोन स्वतंत्र बटणं मागितली, एक दिवसाच्या दिव्यांचं आणि एक रात्रीच्या, तर खर्च फारसा वाढत नाही. रस्त्यावरचा दिवा पलंगावर पडत असेल तर जाड पडदा हवा, पण सकाळी उघडायची आठवण ठेवूनच.

भारतीय प्रमाणवेळेमुळे पश्चिमेकडच्या राज्यांत आणखी एक गुंता होतो. ही वेळ ८२.५ अंश रेखांशावरची. मुंबईचा सूर्य तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे आहे. १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेगळी वेळ होती, ती याच फरकाची. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या शाळेची मुलं अंधारात बसमध्ये चढतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच कारण होतं. नऊला शाळेत पोहोचलेलं मूल निदान वाटेत सूर्य पाहून आलेलं असतं. वर्गाच्या खिडक्यांवर तक्ते आणि रंगीत कागद चिकटवलेले असतील, तर तेवढे शिक्षकांनी काढावेत.

घर बघायला जाणाऱ्यांनी रविवारी संध्याकाळी, सगळे दिवे लावलेला नमुना फ्लॅट पाहून ठरवू नये. सकाळी आठ-साडेआठला जावं, दिवे बंद करायला सांगावं आणि जिथे पलंग किंवा अभ्यासाचं टेबल येणार तिथे उभं राहून आकाश दिसतं का ते पाहावं. शेजारच्या रिकाम्या भूखंडावर किती मजले मंजूर झाले आहेत आणि मध्ये किती मीटर सुटणार आहेत, हे मंजूर नकाशावरून तपासावं. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या प्रकल्पांचे नकाशे पाहता येतात. पार्किंग किती आणि जिम आहे का, हे आपण विचारतोच. त्याच बैठकीत समोरच्या इमारतीचा कोनही विचारावा.